ऑफिसातली दिवाळी पहिल्यांदाच तुमच्या गळ्यात पडलीय? आधी रजेचा तक्ता करा

श्रावण लागला की ऑफिसात एक मेल फिरते. ‘यंदाचं फेस्टिव्ह सेलिब्रेशन अमुक टीमकडे’ असा विषय, आणि खाली त्या टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाचं नाव. कधी नुकत्याच झालेल्या टीम लीडचं, कधी एचआरमध्ये तीन महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीचं. नावाचा मालक लगेच कंदिलांचे भाव बघायला लागतो आणि व्हॉट्सॲपवर ‘दिवाळी सेलिब्रेशन’ नावाचा ग्रुप उघडतो. दोन दिवसांत त्या ग्रुपवर शंभर मेसेज पडतात, ठरत काहीच नाही.

मी कारखान्यातही काम केलंय आणि आयटीतही. दोन्हीकडे हेच बघितलं की कंदील, रांगोळी, पारंपरिक पोशाख आणि ग्रुप फोटो हे सगळं एका दुपारी उरकतं आणि पुढच्या सोमवारी कुणाला आठवतही नाही. माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात ते वेगळंच असतं. मला सणाला घरी जाऊ दिलं का, माझ्याऐवजी कोण थांबलं, आणि फराळाची प्लेट माझ्यापर्यंत आली का. त्यामुळे कामांचा क्रम मी जरा उलटा सांगणार आहे.

पहिलं काम: रजेचा तक्ता, दोन महिने आधी

दोन महिने का, तर रेल्वेमुळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. पुण्या-मुंबईहून नागपूर, नांदेड, पाटणा, गोरखपूर या बाजूच्या दिवाळीतल्या गाड्या सकाळी आठ वाजता उघडतात आणि चहा संपायच्या आत भरतात. ज्याला आपली रजा मंजूर आहे की नाही हे तोवर माहीत नसतं, तो तिकीट काढत नाही. मग आयत्या वेळी ट्रॅव्हल्सच्या बसला अव्वाच्या सव्वा पैसे मोजतो आणि मनात तुमच्या नावाने बोटं मोडतो. तुम्हाला ते कळतही नाही.

एक साधी एक्सेल शीट करा. रकाने असे: नाव, गाव, कोणता सण महत्त्वाचा, कोणते दिवस हवेतच, कोणते दिवस थांबायला चालेल, आणि शेवटचा रकाना ‘गेल्या वर्षी कोण थांबलं होतं’. हा शेवटचा रकाना विसरू नका. तो भरला की निम्मी भांडणं तिथंच मिटतात, कारण दर वर्षी तेच दोघं-तिघं अडकलेत हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

शीट फक्त दिवाळीची नको, गणपती ते नाताळ अशी एकच ठेवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाला गणपतीत गावी जायचंच असतं, दिवाळीला तो एखाद दिवस थांबेल. बंगाली सहकाऱ्याला सप्तमी ते दशमी हवी असते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्यांसाठी छठ असते कार्तिक शुद्ध षष्ठीला, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी. आपल्याकडच्यांना पाडवा आणि भाऊबीज लागते. इथं अदलाबदल अगदी सहज बसते. पण ‘तू छठला जाणार म्हणजे दिवाळीला थांबशीलच’ असं परस्पर गृहीत धरू नका. विचारा. वसईचा सहकारी २४-२५ डिसेंबर आत्ताच लिहून ठेवेल, ईद त्या वर्षी कधी येते तेही बघून घ्या.

आता एक नाजूक गोष्ट. टीममध्ये कोणी थांबायचं असा प्रश्न आला की सगळ्यांची नजर त्या एका मुलाकडे वळते. ‘तू काय, एकटाच आहेस. तुला काय फरक पडतो?’ तो सोलापूरचा असतो, पीजीत राहतो, आणि आई दारात वाट बघत असते. लग्न झालेलं नाही म्हणजे घर नाही, असा हिशेब कुठल्या पाटीवर शिकवतात कोण जाणे. हे वाक्य मीटिंगमध्ये कुणी उच्चारलं तर तुम्ही तिथल्या तिथं विषय शेवटच्या रकान्याकडे न्या. उलट बाजूही आहे. ज्याचं यंदा लग्न झालंय त्याचा दिवाळसण असतो, सासरची मंडळी डोळे लावून बसलेली असतात. त्याला एक वर्ष झुकतं माप द्यायला कुणाची हरकत नसते, फक्त ते उघडपणे सांगून द्या.

आणि लीड असाल तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची ऑन-कॉल ड्यूटी स्वतःच्या नावावर टाका, सगळ्यांच्या आधी. तेवढा एक रकाना तुमच्या नावाने भरलेला दिसला की बाकीचे रकाने लोक आपणहून भरतात.

परदेशातल्या क्लायंटसाठी काम करत असाल तर दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी तारखा कळवा. अमेरिकेतल्या मंडळींना नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग आणि मग ख्रिसमसची सुट्टी असते. ‘तेव्हा आम्ही सांभाळतो, आत्ता तुम्ही सांभाळा’ ही देवघेव त्यांना लगेच पटते. आयत्या वेळी सांगितलं तर मात्र तीच माणसं अडून बसतात.

दुसरं काम: पैशांचं स्पष्ट बोला

वर्गणी मागण्याआधी ॲडमिनला किंवा एचआरला विचारा की कंपनीचं काही बजेट आहे का. बऱ्याच ठिकाणी असतं, आणि वापरलं गेलं नाही म्हणून पडून राहतं. ते मिळालं तर अकाउंट्सकडून एवढंच कळून घ्या की कसलं बिल चालेल. बचत गटाकडून किंवा घरगुती फराळ करणाऱ्या ताईंकडून घेणार असाल तर जीएसटीचं बिल मिळणार नाही. साध्या पावतीवर काम होतं का, हे आधी विचारलं नाही तर पैसे तुमच्या खिशातून जातात आणि परत येईपर्यंत संक्रांत उजाडते.

वर्गणी काढायचीच झाली तर रक्कम अशी ठेवा की ट्रेनी मुलालाही जड जाणार नाही. शंभर-दीडशे पुष्कळ झाले. ज्यांना जास्त द्यायचंय ते गुपचूप देतील. कुणी दिले, कुणी राहिले याची यादी ग्रुपवर टाकायची पद्धत मला अजिबात पसंत नाही. एका माणसाच्या जीपेवर पैसे घ्या, हिशेब त्याच्याकडे राहू द्या आणि शेवटी एकूण जमा-खर्च तेवढा ग्रुपवर टाका. हाउसकीपिंगच्या मावशी, पॅन्ट्रीतला दादा आणि सिक्युरिटीचे काका यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, पण माणसं मोजताना त्यांना धरायचं.

बोनसबद्दल प्रश्न येतील. कायद्याने बोनस हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो. मार्चअखेर धरली तर ती मुदत नोव्हेंबरअखेर संपते, म्हणून बहुतेक कंपन्या तो दिवाळीआधी उरकतात. तुमचा या विषयाशी एवढाच संबंध की बोनसची तारीख पक्की होईपर्यंत ‘धमाल दिवाळी’ची पोस्टरं लावू नका. लोकांचा मूड त्या तारखेवर असतो.

तिसरं काम: दसरा. नव्या माणसासाठी सगळ्यात सोयीचा दिवस

कारखान्यात खंडेनवमीला मशिनची पूजा होते, कारण दसऱ्याला बहुधा सुट्टी असते. आदल्या शिफ्टपासून लोक आपापलं मशिन घासूनपुसून लख्ख करतात, तेलपाणी करतात. एरवी एकमेकांच्या लाइनवर न फिरकणारी माणसं त्या दिवशी झेंडूची टोपली घेऊन फिरत असतात. तुम्ही नवीन असाल तर पूजेच्या वेळेला पोहोचू नका, सफाईच्या वेळेला जा. हातात कॉटन वेस्ट, म्हणजे मशिन पुसायचा सुती धाग्यांचा बोळा घ्या. जुना ऑपरेटर मशिनचा कुठला आवाज कशामुळे येतो हे तुम्हाला तिथं सांगेल, ट्रेनिंग रूममध्ये नाही.

दोन काळज्या घ्या. हार घालण्याआधी मेन स्विच बंद आणि कुलूपबंद असू दे, आणि मशिन परत सुरू करण्याआधी प्रत्येक हार उतरवला का हे एका माणसाने फिरून बघायचं. लेथच्या चकाजवळ किंवा कन्व्हेयरवर लोंबणारा हार म्हणजे अपघाताला आमंत्रण. नारळ मशिनच्या बेडवर फोडू नका, बाहेर दगडावर फोडा. ऑफिसात वेगळी गंमत असते. उदबत्ती आणि कापराच्या धुराने स्मोक डिटेक्टर वाजतो आणि पूर्ण इमारत जिना उतरून पार्किंगमध्ये उभी राहते. फॅसिलिटीला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या विभागाला आदल्या दिवशी सांगा. लॅपटॉपवर हळदकुंकू थेट लावू नका, कीबोर्डच्या फटीतून ते गुढीपाडव्यापर्यंत निघत नाही.

त्याच दिवशी काही सहकारी नागपूरच्या वाटेवर असतील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता, आणि आजही दसऱ्याला तिथं लाखो लोक जातात. त्यांची रजा तक्त्यात आधीच धरा. निमंत्रणातही ‘पूजा साडेदहाला, ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. चहा-नाश्ता अकराला, सगळ्यांसाठी’ असं वेगवेगळं लिहा. पूजेला कोण आलं नाही याची चर्चा होऊ द्यायची नाही.

नव्या माणसासाठी खरी संधी असते ती आपट्याच्या पानांची. ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणत कुणाच्याही टेबलापाशी जायला त्या दिवशी कारण लागत नाही. अकाउंट्सचे कडक देशपांडे सर असोत की तिसऱ्या मजल्यावरचा न बोलणारा डेटाबेसवाला असो, पान हातात ठेवलं की दोन वाक्यं होतातच. थोडीच पानं घ्या आणि घेताना बघून घ्या. बाजारात कांचनाच्या फांद्याच्या फांद्या आपटा म्हणून खपवतात. ओरबाडलेल्या फांद्या संध्याकाळी कचऱ्यात दिसल्या की सोन्याचा आनंद उरत नाही.

चौथं काम: किल्ला करा

टीम बिल्डिंगच्या नावाखाली रिसॉर्टवर नेऊन दोरी ओढायला लावतात, त्यापेक्षा पार्किंगच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करा असं मी प्रत्येकाला सांगत असतो. महाराष्ट्रात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाने लहानपणी कधीतरी केलेला असतो. बाहेरून आलेल्यांना त्याची भलती उत्सुकता असते. आणि मातीत हात घातल्यावर कोण मॅनेजर, कोण ट्रेनी हे राहत नाही.

फॅसिलिटीकडून चार फूट बाय पाच फूट जागा मागा, शक्यतो भिंतीला लागून. पेव्हर ब्लॉक असतील तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, नाहीतर डाग राहतात आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळत नाही. सामान फार नाही: जुन्या विटा किंवा दगड, दोन-तीन पोती लाल माती, जुनी गोणपाटं, एक घमेलं, एक बादली. गोणपाट तागाचं हवं. प्लॅस्टिकच्या पोत्यावर माती टिकत नाही.

आधी विटा-दगड रचून डोंगराचा आकार करायचा. मध्ये उंच बालेकिल्ला, बाजूला उतरती माची. माती चाळून बादलीत पातळ कालवायची, साधारण धिरड्याच्या पिठाइतकी. गोणपाट त्यात पूर्ण बुडवून, हलकं पिळून रचलेल्या दगडांवर पसरायचं आणि चुण्या तशाच राहू द्यायच्या. त्या चुण्यांमधूनच कडे आणि घळी दिसायला लागतात. वरून जाड माती हाताने थापायची. बुरुजाला चहाचे जुने कागदी कप उलटे ठेवून त्यावर माती लिंपली की काम होतं. पायऱ्या ओल्या मातीत पट्टीने कापा. मग एक दिवस काही करायचं नाही, वाळू द्यायचं.

हिरवळीसाठी आळीव किंवा मोहरी. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या पाच-सहा दिवस आधी माचीवर आणि पायथ्याला दाणे शिंपडा, वर मातीचा अगदी पातळ थर आणि मग पाण्याचा फवारा. आळीव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. दिवसातून दोनदा पाणी शिंपडावं लागतं, तेही हलक्या हाताने, धार सोडली की कडा कोसळतो. याच पाण्याच्या पाळ्यांमध्ये गंमत आहे. सकाळची पाळी एका टीमच्या माणसाकडे, दुपारची दुसऱ्या टीमच्या. टेस्टिंगमधली मुलगी आणि डिस्पॅचमधला मुलगा एरवी मेलवर ‘काइंडली डू द नीडफुल’ करत असतात. इथं ते स्प्रेची बाटली हातात घेऊन बुरुज का खचला यावर वाद घालतात. असे वाद चालू द्या.

मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज पुण्यात कसब्याजवळच्या कुंभारवाड्यात मिळतात, मुंबईत पणत्या-मूर्तींसाठी धारावीचा कुंभारवाडा आहे. हे आणायला मुद्दाम दोघांना पाठवा, त्यातला एक पुण्याबाहेरचा. कुठला किल्ला करायचा यावर आधी दहा मिनिटं बोला: राजगड, प्रतापगड की भोवती पाणी भरून सिंधुदुर्ग. कुणीतरी ट्रेकर निघतोच. त्याला नकाशा काढायला द्या आणि बाकीच्यांना त्याचं ऐकायला लावा. फक्त विकतचा प्लास्टरचा तयार किल्ला आणून ठेवू नका. तो शोभेला बरा, पण मग सगळ्यांना एकत्र मातीत बसवायचं कारणच जातं.

पाचवं काम: फराळाची दुपार

तारीख दिवाळीच्या अगदी आदल्या दिवशीची नको. त्या दिवशी निम्मे लोक बॅगा घेऊन आलेले असतात आणि डोळे घड्याळाकडे. वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधीचा कामाचा दिवस बघा, हायब्रिड असेल तर जास्तीत जास्त लोक येतात तो वार. वेळ दुपारच्या चहाची. सहानंतर ठेवू नका, कंपनीची बस चुकते आणि पाळणाघरातून मूल आणायचं असलेल्या बायका कार्यक्रम अर्धा सोडून निघतात. कारखान्यात पहिली शिफ्ट तीनला सुटत असेल तर अडीच ते साडेतीन. म्हणजे जाणारे आणि येणारे दोघंही सापडतात.

‘प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा’ ही कल्पना ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात काय होतं बघा. यादी ग्रुपवर येते, आणि चकली, करंजी, अनारसे यांच्यासमोर आपोआप बायकांची नावं पडतात. पुरुष मंडळी ‘मी कोल्ड्रिंक आणतो’, ‘माझ्याकडे पेपर प्लेट’ म्हणून मोकळी. जिच्या घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि साफसफाई बाकी आहे ती रात्री अकराला ऑफिससाठी भाजणी मळत बसते. त्यामुळे मुख्य फराळ विकत घ्या, आणि घरून आणणं पूर्ण ऐच्छिक ठेवा. आणलंच तर पुरुषांनीही आणा. एखादा चिवडा करून आणणारा निघाला तर त्याची चर्चा वर्षभर पुरते.

पंचवीस जणांसाठी माझा अंदाज असा: दीड किलो पातळ पोह्यांचा चिवडा, दोन किलो चकली, किलोभर शंकरपाळे, तीस बेसनाचे लाडू, तीस करंज्या. अनारसे दहा-बाराच घ्या. आवडणारे तुटून पडतात, बाकीचे हातही लावत नाहीत. महिला बचत गट किंवा घरगुती ऑर्डर घेणाऱ्या ताईंना तीन आठवडे आधी सांगा, नंतर त्यांच्या ऑर्डर बंद होतात. खव्याची मिठाई टाळा. दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा माल फार येतो आणि ऑफिसच्या टेबलावर ती चार तास बाहेर राहते. चिवड्यात तळलेला कांदा किंवा लसूण आहे का हे विचारून घ्या, जैन सहकारी आणि कार्तिक महिना पाळणारे विचारतातच. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला कुणी असेल तर त्याची प्लेट वेगळी काढा. आणि डायबेटिसवाल्यांना ‘एक लाडू खाल्ल्याने काही होत नाही’ असा आग्रह करू नका.

चिवडा कागदी द्रोणात द्या, थर्माकोलच्या प्लेट आणू नका. त्यांच्यावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. डबे शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवा. मुंबईत चकली अर्धा तास उघडी राहिली की मऊ पडते.

टेबलाभोवती लोक आपापल्या टीमचे घोळके करून उभे राहतात, हे ठरलेलंच. भाषणाने ते फुटत नाहीत. मी असं करतो की चार पदार्थ चार वेगवेगळ्या टेबलांवर ठेवायचे, खोलीच्या चार कोपऱ्यांत. करंजी हवी तर फायनान्सच्या कोपऱ्यात जावंच लागतं. तिथं कुणीतरी म्हणतंच, ‘आमच्याकडे यात ओलं खोबरं घालतात,’ आणि मग ओलं विरुद्ध सुकं, भाजणीची चकली विरुद्ध तांदळाची, पातळ पोहे विरुद्ध भाजके असं रणकंदन सुरू होतं. चेन्नईची सहकारी मुरुक्कू तिच्या घरी कसं करतात ते सांगायला लागते. साहेबांचं भाषण तीन मिनिटांचं, आणि तेही खाणं सुरू झाल्यावर.

मावशींना बोलवायचं काम ‘कुणीतरी बोलवेल’ यावर सोडू नका. त्यांना आधी बसवावं लागतं.

‘मावशी, या ना, बसा.’

‘नको हो ताई, तुमचं होऊ दे. मग पुसून घेते आणि खाते.’

‘पुसायचं आम्ही बघतो. तुमची करंजी राहिली नाही तर मला बोलणी खावी लागतील.’

त्या बसल्या की पॅन्ट्रीतला मुलगाही येतो. आणि त्या दिवशी टेबल खरंच आपण पुसायचं, नुसतं म्हणायचं नाही.

सहावं काम: यादीत नसलेली माणसं

कंपनीकडून मिठाईचे बॉक्स येतात ते पगारपत्रकावरच्या संख्येने. कंत्राटी कामगार, सिक्युरिटी एजन्सीचे गार्ड, ड्रायव्हर, कॅन्टीनवाले त्या आकड्यात नसतात. एका ठिकाणी मी बघितलंय की गेटवर उभं राहून गार्ड काका प्रत्येकाची बॅग तपासत होते, आणि प्रत्येक बॅगेत तोच बॉक्स होता. त्यांना मात्र काही नव्हतं. ॲडमिनने मुद्दाम केलं होतं असं नाही, मोजणाऱ्याच्या शीटमध्ये ती ओळच नव्हती. तुम्ही ती ओळ घाला, ऑर्डर जाण्याआधी. नंतर वर्गणीतून जुळवाजुळव करावी लागते आणि बॉक्स लहान आणल्याचं सगळ्यांना दिसतं.

रात्रपाळीचे लोक दुपारच्या कार्यक्रमाला नसतात. त्यांच्यासाठी ‘उरलेलं ठेवलंय’ असा निरोप नको, वेगळे डबे आधीच भरून, नाव लिहून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री जो ड्यूटीवर आहे त्याला त्या रात्री फोन करा. फॉरवर्ड केलेली पणतीची जीआयएफ पाठवू नका.

दूर बसलेले सहकारी

घरून काम करणाऱ्यांना पार्सल पाठवायचं तर दहा दिवस आधी निघालं पाहिजे, दिवाळीत कुरिअर तुंबतात. चिवडा, शंकरपाळे आणि बेसन लाडू प्रवास सोसतात, चकलीचा मात्र भुगा होतो. परदेशात खाण्याचं पार्सल पाठवायच्या भानगडीत पडू नका, कस्टम्सचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. त्यापेक्षा एक दिवाळी अंक पाठवा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा परदेशातल्या मराठी माणसाला फराळाइतकीच जवळची असते. ऑफिसातही चार-पाच अंक वर्गणीतून घेऊन पॅन्ट्रीत ठेवा आणि वाचलेल्याने पहिल्या पानावर नाव लिहायचं एवढा एकच नियम करा. मराठी वाचणारी माणसं कुठल्या कुठल्या टीममध्ये लपलीत ते डिसेंबरपर्यंत कळतं.

ऑनलाइन ‘तंबोला’ घ्यायचाच असेल तर वीस मिनिटांत आटपा. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती नको.

थोडक्यात बाकीचं

पारंपरिक पोशाखाचा दिवस ठेवा, पण ‘बेस्ट ड्रेस्ड’चं बक्षीस काढून टाका. कुणाच्या साडीवर, दिसण्यावर माइकवरून शेरे नकोत. ऑफिसबाहेर जेवायला किंवा सहलीला नेलं तरी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तिथंही लागू असतो, कंपनीच्या गाडीतसुद्धा. रांगोळीची स्पर्धा दर वर्षी त्याच तिघीजणी जिंकतात. स्पर्धा नको, एक मोठी रांगोळी काढा आणि रंग भरायला ज्यांना येत नाही त्यांना बसवा. गुपचूप भेट देण्याचा खेळ ठेवला तर किमतीची मर्यादा दोनशेच्या वर जाऊ देऊ नका. फटाके ऑफिसच्या आवारात नकोतच.

दिवाळीनंतरचा आठवडा

लोक परतले की पहिल्या दिवशी कामाचा ढीग असतो. तरी दोन गोष्टी त्याच आठवड्यात करा. थांबलेल्यांचा कॉम्प-ऑफ, म्हणजे सणाला काम केल्याच्या बदल्यातली रजा, सिस्टिममध्ये चढवून, कधी घेणार त्याची तारीखही त्यांच्याकडून घ्या. ‘बघू नंतर’ म्हटलेला कॉम्प-ऑफ मार्चमध्ये लॅप्स होतो. दुसरं, जमा-खर्च ग्रुपवर टाका. उरलेले पैसे कुणाच्या वाढदिवसाच्या केकला वळवू नका, पॅन्ट्रीच्या चहा-बिस्किटांना लावा. किल्ल्याची माती कुंड्यांत जाऊ दे, मावळे डब्यात भरून कुणाच्या कपाटात आहेत ते शीटवर लिहा.

मग डिसेंबर उजाडायच्या आत ती शीट घेऊन एचआरकडे जा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणासुदीच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीची यादी तारखा बदलून पुढे ढकलली जाते, कारण कुणी काही मागतच नाही. तुमच्याकडे आता कुणाला कोणता दिवस हवा याचा अख्खा तक्ता आहे. गणपतीचा दुसरा दिवस, पाडवा, भाऊबीज, ईद, नाताळ यांतल्या कशाला किती नावं आहेत ते मोजून एका पानावर लिहा आणि यादी पक्की व्हायच्या आधी ते पान एचआरच्या टेबलावर ठेवा.